केसाएवढी कोरडी जागा

चाळीतल्या नळावर जैतूनची कळशी निम्मी भरली होती. तेवढ्यात मागं उभी असलेली खातूनचाची आवाज खाली आणून म्हणाली, “थांबलं का गं तुझं? न्हाऊन घेतलंस?” आणि काही ठरवलेलं नसताना जैतूनच्या तोंडून निघून गेलं, “नाही चाची. अजून आहे.” चाची चुकचुकली. तिनं जैतूनच्या पाठीवरून हात फिरवला, “अशक्तपणा येईल बाई. दस्तगीरला सांग, कलेजी आणून घाल म्हणावं,” म्हणाली आणि आपली बादली पुढं सरकवली. कळशी केव्हाच भरून वाहत होती. जैतूननं ती उचलली, जिना चढून खोलीत आली, कळशी तिवईवर ठेवली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.  रक्त जायचं थांबून आठवडा उलटून गेला होता.

खोटं ती कधी बोललीच नव्हती असं नाही. चाळीत राहायचं तर डब्यात साखर असूनही संपली म्हणावं लागतं. पण हे खोटं चाचीशी बोललेलं नव्हतंच. अंग मोकळं झालं की बाईनं गुसल करायचं, डोक्यापासून पायापर्यंत पाणी घ्यायचं आणि येईल त्या पहिल्या नमाजीला उभं राहायचं. मग तिला अडकाठी नाही. जैतूननं गेल्या आठवड्यातली एकही नमाज पढली नव्हती. भवानी पेठेतल्या मशिदीतून बांग यायची तेव्हा ती हातातलं काम ठेवून ऐकत राहायची. ओळखीचं माणूस दाराशी हाका मारतंय आणि आपण आत श्वास धरून बसलोय, तशी. उन्हाळा होता. मोरीत बसून ती रोज अंगावर पाणी घ्यायची, पण मानेखालीच. गुसलची नियत, तो मनातला संकल्प, करायची नाही, केसांना थेंब लागू द्यायची नाही. वेणीला तेलकट, उबट वास येऊ लागला होता आणि तो वास तिला सोडवत नव्हता. बाळ गेलं त्या दिवशी घातलेली वेणी होती ती. वरवर विंचरून तिनं ती तशीच ठेवली होती.

पाण्याची तिला लहानपणापासून आवड. तेराव्या वर्षी गंज पेठेतल्या माहेरच्या मोरीत अम्मीनं तिला पहिलं गुसल शिकवलं, तेव्हा पडद्याबाहेर उभं राहून अम्मी एकेक सांगत होती आणि आत जैतून गंमत वाटून हसत होती. आधी हात. मग खालचं सगळं स्वच्छ कर. मग वजू, नमाजीआधी हातपाय-तोंड धुतो तसा. गुळणी घशापर्यंत, नाकात पाणी चढव. आता डोक्यावरून. आता उजवा खांदा, मग डावा. चमकी हलव, तिच्या भोकात पाणी गेलं पाहिजे. बांगड्या वर सरकव. नखात कणीक नाही ना? “केसाएवढी जागा कोरडी राहिली ना जैतून, तरी झालं नाही म्हणून समज,” अम्मी म्हणाली होती, आणि जैतूननं घाबरून सगळी बादली अंगावर ओतून घेतली होती. त्या दिवशी बाहेर आल्यावर अंग इतकं हलकं वाटलं, की आपल्याला आज कुणीतरी नव्यानं बनवलं, असा काहीतरी विचार तिच्या मनात येऊन गेला होता. पुढं लग्न झालं. छापखान्याच्या बांधणीखात्यात काम करणारा, धरणाकाठच्या वाडीतून आलेला, कमी बोलणारा दस्तगीर. एक खोली, खोलीच्या कोपऱ्यात मोरी, आणि पाणी मात्र खालच्या नळावरून आणायचं. रात्र नवराबायकोची झाली की पहाटे दोघांनाही न्हावं लागणार, आणि पहाटे कुणी दोन बादल्या वर नेल्या की साऱ्या चाळीला कळणार. लाजेनं जैतून मरून जायची. मग दस्तगीरनं युक्ती काढली. संध्याकाळीच तो बादल्या घेऊन नळावर जायचा आणि कुणी विचारण्याआधीच म्हणायचा, “उद्या जुम्मा ना!” जुम्म्याची आंघोळ सगळेच करतात. पण तो हे मंगळवारीही म्हणायचा, सोमवारीही. शेवटी खातूनचाचीनंच एकदा जैतूनला गाठून विचारलं, “काय गं, तुमच्या घरी आठवड्याला जुम्मे तरी किती?” तेव्हा जैतून पदरात तोंड खुपसून जिना चढली होती आणि वर येऊन दोघं हसून हसून बेजार झाली होती. आता हे आठवलं की तिला वाटायचं, हे आपल्याला कुणीतरी सांगितलंय, आपल्या बाबतीत घडलेलं नाही. न्हाऊन घेतलं की तेच पुन्हा सुरू होणार. नमाज, स्वयंपाक, दस्तगीरचा हात, पहाटेच्या बादल्या. जसं काही मध्ये झालंच नाही.

मध्ये झालं होतं ते असं. ईद होऊन थोडेच दिवस झाले होते. पाचवा महिना सरत आला होता, पोटात हालचाल स्पष्ट कळायची. दुपारी ती आडवी झाली की आत कुणीतरी कूस बदलायचं. आणि एका सकाळी कळा सुरू झाल्या, त्या थांबल्याच नाहीत. दस्तगीरनं तिला टांग्यातून दवाखान्यात नेलं. पुढचं सगळं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. छताचा पंखा. कुणाचा तरी थंड हात. मग एकदम सगळं सैल झालं आणि पायाशी उभी असलेली नर्स पांढऱ्या तसराळ्यावर कापड टाकून पडद्याआड गेली. पडद्याआड नळ सुटल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. “काय होतं?” जैतूननं विचारलं होतं. नर्स बिचारी वाईट नव्हती, दमलेली होती. “काही झालेलं नव्हतं हो अजून,” ती म्हणाली, “पडून राहा.” काही झालेलं नव्हतं. जे दुपारी कूस बदलायचं, ते काही झालेलं नव्हतं. संध्याकाळी दस्तगीर आला, खाटेच्या कडेला बसला, तिच्या पायावरची चादर उगीच सारखी करत राहिला. त्यानं काही सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. तिला विचारायची भीती वाटली. त्या तसराळ्याचं पुढं काय झालं हे तो सांगेल, आणि मग त्याच्या तोंडाकडं बघत आपल्याला जन्म काढावा लागेल. सफाईवाल्याच्या बादलीत, दवाखान्यामागच्या खड्ड्यात. तिच्या डोळ्यांसमोर काहीबाही यायचं. मेलेल्या माणसाला किती मायेनं न्हाऊ घालतात. तिनं आजीला घातलेलं पाहिलं होतं. कापूर घातलेलं पाणी, हळू हात, दुखेल की काय असा. बाळाला पाण्याचा थेंब मिळाला नाही. मग त्याच्या आईनं न्हाऊन, केस सुकवून, स्वच्छ होऊन उभं राहायचं कसं? हे असं शब्दांत तिनं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. पण रोज तांब्या मानेपर्यंत यायचा आणि तिथून खाली वळायचा.

चाचीनं ते आपल्या परीनं मायेपोटीच दस्तगीरच्या कानावर घातलं, आणि दस्तगीर घाबरला. तो डाळिंबं आणू लागला. कलेजी आणून स्वतः चुलीपुढं बसू लागला. ती एकतर करपायची नाहीतर कच्ची राहायची, आणि तो समोर बसून “खा ना, थोडं खा” म्हणायचा. डॉक्टरकडं चल म्हणाला, ती नको म्हणाली. रात्री तिला जाग आली की तो जागाच असायचा, तिच्याकडं न बघता, छताकडं बघत. खोट्याचा एक धागा तिनं काढला होता आणि आता अख्खा माणूस त्याला लटकून हेलकावत होता. तिला त्याची दया यायची. सांगून टाकावं असं वाटायचं, पण सांगायचं म्हणजे मग का, तेही सांगावं लागणार. एके दिवशी कामावरून आल्यावर तो टोपी न काढताच म्हणाला, “तुला वाडीला अम्माकडं नेऊन सोडतो. मोकळी हवा आहे, दूध आहे. हितं तू नुसती वाळत चाललीयस.” तिनं मान हलवली. घरच्या बोलीचा शब्द त्याच्या तोंडात आला, की तो फार अस्वस्थ आहे हे तिला ठाऊक होतं.

एस.टी. भुकूमच्या पुढं घाट चढू लागली तेव्हा डोंगर उन्हानं पांढरे पडले होते. पौडला बस बराच वेळ थांबली. दस्तगीर खाली उतरून तिच्यासाठी जांभळं घेऊन आला, पानाचा द्रोण तिच्या मांडीवर ठेवला आणि आपला खांदा तिच्या खांद्याला लागणार नाही इतका सरकून बसला. तिला त्रास होऊ नये म्हणून. तिनं एकेक जांभूळ तोंडात टाकलं. जीभ जड झाली, तुरट झाली. वाडीशी उतरले तेव्हा सुगराबी, तिची सासू, रस्त्यावरच उभी होती. डोळ्यांवर हात धरून, उंच, हडकुळी, काष्टा मारलेलं हिरवं लुगडं. वाडीत मुसलमानांची घरं दोनच, मुलाण्यांची. बाकी सगळी धनगरांची न् कुणब्यांची, आणि सुगराबी बोलायला लागली की ती त्यातलीच एक वाटायची. तिनं सुनेच्या गालाला हात लावला, बोटं आपल्या कपाळावर मोडली आणि लेकाला म्हणाली, “तू जा माघारी. तुजं काम न्हाई हितं. सुट्टीला ये.”

तिनं काही विचारलं नाही. पहिल्याच सकाळी जैतूनला जाग आली तेव्हा मागच्या अंगाला, कुडाच्या न्हाणीत, तांब्याचं मोठं घंगाळ वाफाळत होतं. “पानी ठिवलंय,” एवढंच सुगराबी म्हणाली आणि शेणी थापायला निघून गेली. जैतूननं त्यातलं थोडं घेऊन हातपाय धुतले. तासाभरानं सासू आली, तिनं घंगाळात बोट घातलं, आणि त्या कोमट पाण्यानं भांडी घासून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चुलीला लाकूड लागायचं, पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायचं, पण घंगाळ रोज भरलेलं असायचं आणि रोज त्यात भांडी व्हायची. शेजारची कोंडाबाई धनगरीण शेरडीचं दूध घेऊन यायची, ओट्यावर टेकायची. “इटाळ फिटला का गं सुनंचा?” तिनं एकदा विचारलं, हळू, पण वाडीतल्या माणसाचं हळू म्हणजे अंगणभर. सुगराबी म्हणाली, “तुज्या शेरडीचं दूध पातळ झालंय बग कोंडे. पाला बदल.” मग दोघी शेरडीवरच बोलत बसल्या.

दिवसभर जैतून ओट्यावर पडून असायची. समोर धरणाचं पाणी. उन्हाळ्यानं ते आत आत गेलं होतं, काठाला भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता, आणि पाणी पलीकडं निळं, गुळगुळीत पसरलेलं. इथं बांग ऐकू येत नव्हती. उन्हं बघून सुगराबी ओट्याच्या कोपऱ्यात घोंगडी टाकायची आणि नमाजीला उभी राहायची. वाकताना तिचे गुडघे कटकन वाजायचे. जैतून पडल्या पडल्या तिच्या पाठीकडं बघायची. या बाईनं सजद्यात डोकं टेकवलं की ती इतका वेळ उठायची नाही, की जैतूनला काळजी वाटायची. मग ती उठायची, घोंगडी झटकायची न् म्हणायची, “भाकरी खातीस का? मासळी भाजलीया.” माया करावी तर अशी, की घेणाऱ्याला ओझं होऊ नये. पण जैतूनला ओझं होतच होतं. तिला आपल्या वेणीचा वास यायचा, आणि वाटायचं, हिलाही येत असेल.

एका सकाळी सुगराबीनं गोधड्यांचं गाठोडं बांधलं. “चल पान्यावर. बसून ऱ्हा तू, मी धुती.” चिखलाचा पट्टा तुडवत दोघी बऱ्याच आत गेल्या. सुगराबी एका दगडावर गोधडी आपटू लागली, जैतून पाण्यात पाय सोडून बसली. पाणी वर ऊन होतं, खाली गार. जरा पुढं चिखलातून जोत्याच्या दगडांची रांग वर आलेली दिसत होती, शेवाळलेली, आणि एक मोडका पार. “ते काय आहे?” तिनं विचारलं. सुगराबीनं गोधडी पिळता पिळता मान वर केली. “गाव हाय. आमचं. धरान झालं तवा बुडालं. मी दस्तगीरएवडी बी नव्हती तवा. त्यो पार दिसतुया न्हवं, तितं चिंच व्हती. आन त्याच्या म्होरं, त्ये पानी काळं दिसतंय बग, तितं कबरस्तान. त्ये काय वर येत न्हाई कंदी.” तिनं गोधडीचं दुसरं टोक पिळलं. “माजी तीन हायेत तितं. दस्तगीरच्या आदीची. एक तर चालत व्हतं.” तिनं हे शेरडीच्या दुधाबद्दल बोलावं तसंच सांगितलं. मग कमरेवर हात ठेवून काळ्या पाण्याकडं बघत उभी राहिली. “लोकं रडली, आमचं गाव बुडालं म्हनून. मी बी रडले. मंग मला वाटाया लागलं, बरंच झालं. मय्यतीला एकदाच न्हाऊ घालत्यात. माजी लेकरं रोज न्हात्यात.”

जैतूनच्या पोटऱ्यांपाशी पाणी हललं. तिला एकदम हुंदका आला, इतका मोठा की तो आपला आहे हे तिला आधी कळलंच नाही. सुगराबी जवळ आली, ओल्या हातानं तिनं सुनेचं डोकं आपल्या मांडीशी ओढलं. “सात-आठ दिस झालं आलीयास. वळणीवर तुजं येक फडकं वाळाया न्हाई पडलं. मी काय आंदळी हाय व्हय?” “मग बोलला का नाहीत अम्मा?” “काय बोलायचं? तुला वाटंल तवा न्हाशील. पानी काय पळून जातंय?” आणि मग जैतून बोलली. तुटत तुटत, नाक ओढत. तसराळ्यावरचं कापड, पडद्याआडचा नळ. “काही झालं नव्हतं म्हणाली ती बाई. त्याला कुणी पाणी घातलं नाही, अम्मा. टाकून दिलं असेल. मी काय तोंडानं न्हाऊ?” सुगराबीचा हात तिच्या केसांवर थांबला. “कुनी सांगितलं टाकलं म्हनून?” “कुणी नाही.” “दस्तगीर काय म्हनला?” “विचारलंच नाही.”  “मला बी काय बोलला न्हाई त्यो,” सुगराबी म्हणाली, “पर माजा लेक हाय. इचार त्याला.” आणि पुन्हा गोधडी आपटायला लागली, मघापेक्षा जोरानं.

सुट्टीला दस्तगीर आला तो दुपारच्या बशीनं, डाळिंबं घेऊन. सुगराबीनं त्याला पाणी पाजलं आणि लगेच म्हणाली, “करवंदं लई लागल्यात वरच्या अंगाला. जावा, घिऊन या दोगं.” दोघं डोंगराच्या वाटेनं निघाली. तो पुढं, ती मागं. जाळ्या काळ्या फळांनी लगडलेल्या होत्या. तो तोडायचा आणि तिच्या ओच्यात टाकायचा. बोटं चिकानं पांढरी झाली होती. तिला वाटलं, आता न विचारता खाली उतरलो, तर पुढं कधीच विचारणार नाही. आणि मग आपण दोघं म्हातारी होऊ, एकमेकांशी फार चांगलं वागत. “अहो,” ती म्हणाली, “त्या दिवशी… ते कुठं ठेवलं?” त्याचा हात जाळीत तसाच राहिला. काटा लागला असावा. त्यानं तो सावकाश बाहेर काढला. “मला वाटलं, तुला ऐकायचं नाही,” तो म्हणाला, “तू विचारलंच नाहीस.” “आता विचारते.”

तो खाली दगडावर बसला. जमिनीकडं बघत बोलू लागला, कमी बोलणारी माणसं बोलतात तसं, एकेक वाक्य उचलून ठेवत. “मी तिथल्या आयाला म्हणालो, मला दे. ती नाही म्हणत होती. मग दिलं. अंगातला सदरा काढला, त्यात घेतलं. तसाच कबरस्तानात गेलो, बनियनवर. तिथला न्हाऊ घालणारा म्हातारा म्हणाला, एवढ्याशा जिवाला कापडात गुंडाळ, ठेव, चालतं. मी म्हटलं, चाचा, हात आहेत, पाय आहेत. बोटं आहेत. मी घालतो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. किटलीत तापवलं होतं, चहाच्या.” त्यानं बोटांवरचा चीक चोळला. “आधी माझीच नखं घासली मी. खळ असते ना नखात, पुस्तकांची. दगडावर घासली. मग एका तळहातावर घेतलं, एवढी तर होती, आणि दुसऱ्या हातानं पाणी. आधी उजवीकडून, मग डावीकडून. तिच्या पाठीवर…” “तिच्या?” जैतून म्हणाली.

दस्तगीरनं वर बघितलं. इतके दिवस तिच्या मनात ते ‘ते’ होतं. बाळ, त्याला, त्याचं. “मुलगी होती,” तो म्हणाला, “तुला सांगितलं नाही कुणी?” जैतूनच्या हातून ओचा सुटला, ती खाली बसली. ओच्यातली करवंदं घरंगळून उतारावरून गेली. ती. ती कूस बदलायची दुपारी. तिला एकदम सगळं नव्यानं आठवावं लागलं, एकेक दुपार पुन्हा काढून, ‘ते’च्या जागी ‘ती’ ठेवून. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “पाणी फार कढत नव्हतं ना?” “नाही. कोपर बुडवून बघितलं मी.” “कोपर?” “बायका बघतात ना, तसं. हाताला कळत नाही म्हणतात. माझ्या हाताला तर घट्टे आहेत.” त्यानं कोपर पुढं केलं, जणू अजून ते ओलं असेल. जैतूननं त्याचा तो कोपर धरला, दोन्ही हातांनी, आणि त्यावर कपाळ टेकवलं. तो रडत होता. या माणसानं हे सगळं एकट्यानं केलं होतं, आणि मग बनियनवर कुणाचा तरी सदरा मागून घालून तिच्या खाटेशी येऊन चादर सारखी करत बसला होता. “मी खोटं बोलले तुमच्याशी,” ती म्हणाली. “माझं केव्हाच थांबलंय.”  तो नाक पुसत म्हणाला, “म्हणजे एवढी कलेजी मी उगीच जाळली?” आणि तिला रडता रडता हसू आलं. 

सकाळी उजाडल्यावर ती स्वतः उठली. चूल तिनंच पेटवली, घंगाळ तिनंच भरलं. दस्तगीर बाहेर ओट्यावर कुशीवर वळून झोपला होता, किंवा झोपल्यासारखा. न्हाणीच्या कुडाच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या होत्या. तिनं वेणी सोडली. गुंता झाला होता. बोटांनी एकेक पेड उलगडत ती बराच वेळ बसली. मग मनात नियत केली, आणि इतक्या दिवसांनी देवाशी बोलताना ओळख मोडलेल्या माणसाशी बोलावं तसं तिला झालं, पण शब्द होते, ते आले. हात धुतले. अंग धुतलं. वजू केला. घशापर्यंत गुळणी, नाकात पाणी. डोळ्यांत झिणझिणी आली. चमकी फिरवली, बांगड्या सरकवल्या. मग तांब्या भरला. तो मानेपर्यंत आला आणि क्षणभर थांबला. तिनं डोळे मिटले आणि तो डोक्यावर रिकामा केला. केसांच्या मुळांशी पाणी शिरलं तशी एक शिरशिरी टाळूपासून टाचेपर्यंत गेली. कानांत पाणी भरलं, जगाचा आवाज बंद झाला, आणि त्या गुणगुणत्या शांततेत तिला एक तळहात दिसला, घट्टे पडलेला, आणि त्यावर ती. पुन्हा एक तांब्या. पुन्हा एक. उजवा खांदा. डावा. दूध येऊन गेलेली छाती. रिकामं, सैल पोट. त्यावरून पाणी जाताना तिनं हात फिरवला. सगळीकडं हात पोचत होता, पण पाठीच्या मध्यावर पोचेना. ओले केस तिथं चिकटून बसले होते आणि त्यांच्याखाली पाणी गेलं की नाही, काही कळत नव्हतं. तिनं लुगडं छातीशी धरलं.

“अम्मा,” तिनं हाक मारली, “जरा पाठीवर घाला ना.”

सुगराबी कुडाबाहेरच असावी. हाक पुरी व्हायच्या आत ती आत आली, काष्टा वर खोचत. तिनं सुनेचे केस एका हातानं उचलून पुढं टाकले आणि पाणी घातलं. तिचा तळहात शेणाधुण्यानं खरबरीत झालेला होता, तो पाठीच्या कण्यावरून वरून खाली, खालून वर फिरला. “पार खारीक झालीस की गं,” ती पुटपुटली. मानेमागं बघितलं, कानामागं बघितलं, काखेत बघितलं, लहान पोरीला न्हाऊ घालावं तसं. मग तांब्या खाली ठेवला. “झालं. आता कुटं कोरडं न्हाई.”

जैतून हलली नाही. बाहेर दस्तगीर उठून खोकत होता, कोंडाबाईची शेरडं ओरडत होती. पाणी तिच्या हनुवटीवरून, कोपरांवरून, केसांच्या टोकांवरून टपटपत होतं.

“अजून एक घाला,” ती म्हणाली.

सुगराबीनं तांब्या पुन्हा घंगाळात बुडवला.